स्नेक प्लांट : वाणांची ओळख, संग्रह आणि अभिवृद्धी (सातारा व सांगली जिल्ह्यांसाठी)

घरात, ओसरीत किंवा कार्यालयात ठेवण्याच्या शोभिवंत झाडांमध्ये स्नेक प्लांटला गेल्या काही वर्षांत चांगली मागणी आहे. पाणी कमी लागते, कमी उजेडात तग धरते आणि एका कुंडीतून अनेक रोपे होतात. त्यामुळे हौशी संग्राहकांबरोबरच लहान रोपवाटिकाधारक आणि महिला बचत गटही या पिकाकडे वळत आहेत. मात्र यात दोन ठिकाणी हमखास नुकसान होते. पहिले, एकच वाण तीन-चार वेगवेगळ्या नावांनी विकत घेतला जातो. दुसरे, पिवळ्या काठाच्या महाग वाणाची पाने कापून रोपे केली जातात आणि वर्षभराने सगळी रोपे साधी हिरवी निघतात. ही दोन्ही नुकसाने टाळता येतात. त्यासाठी पाटीवरील नावापेक्षा झाडाच्या खुणा पाहण्याची सवय लावावी आणि वाणाची वाढ नेहमी गड्ड्यापासून करावी.

वनस्पतीची ओळख

स्नेक प्लांट रोपवाटिकांमध्ये 'सान्सेविएरिया' या नावाने ओळखले जाते. पानांवरील सापाच्या कातडीसारख्या आडव्या पट्ट्यांमुळे हे इंग्रजी नाव पडले. उंच, टोकदार पानांमुळे त्याला 'सासूची जीभ' असेही गमतीने म्हणतात. बहुतेक प्रजाती मूळच्या आफ्रिकेतील असून काही भारत, श्रीलंका व अरबस्तानाच्या भागातील आहेत.

घराघरांत दिसणाऱ्या नेहमीच्या स्नेक प्लांटचे मूळ स्थान पश्चिम व मध्य आफ्रिका आहे. तरी त्याचे शास्त्रीय नामकरण भारतातील ग्रंथात झाले. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख डेव्हिड प्रेन यांनी 1903 मध्ये बंगालमधील वनस्पतींवरील आपल्या ग्रंथात 'सान्सेविएरिया ट्रायफॅसिएटा' या नावाने त्याचे वर्णन केले. पुढे जनुकीय अभ्यासातून सान्सेविएरिया आणि ड्रॅसिना हे गट वेगळे ठेवता येत नाहीत असे दिसून आले. त्यामुळे 2017 पासून या वनस्पतीचे नाव 'ड्रॅसिना ट्रायफॅसिएटा' असे लिहिले जाते. बाजारात जुने नाव अजून चालते. एकाच झाडावर कुठे 'सान्सेविएरिया' तर कुठे 'ड्रॅसिना' अशी चिठ्ठी दिसली, तर ती दोन वेगळी झाडे समजू नयेत.

भारतातील स्थानिक प्रजाती 'सान्सेविएरिया रॉक्सबर्गियाना' ही आहे. तिची पाने अरुंद, ताठ व पन्हळीसारखी खोलगट असतात. पानांतील चिवट तंतूंपासून पूर्वी धनुष्याची दोरी करत असत. 'मूर्वा' हे जुने नाव या वनस्पतीलाही लावले जाते, परंतु त्याच नावाने आणखी काही वेगळ्या वनस्पती औषधी बाजारात विकल्या जातात. म्हणून घरातील स्नेक प्लांट मूर्वा समजून औषधासाठी वापरू नये.

दिसण्यात सारख्या वनस्पती

बांधावरील घायपात (केकताड) आणि परसातील कोरफड यांच्याशी नवशिक्यांचा गोंधळ होतो. पुढील फरक पाहावेत.

• घायपात : पान मांसल, टोकाला कठीण काटा. बहुतेक प्रकारांत कडेलाही काटे असतात. झाड मोठे होऊन मधून उंच दांडा येतो.
• कोरफड : पानाच्या कडेला लहान मऊ काटे. पान मोडल्यास आत पारदर्शक गर दिसतो.
• स्नेक प्लांट : पानाच्या कडेला काटे नसतात. पान आडवे कापल्यास आत घट्ट, तंतुमय, फिकट हिरवा भाग दिसतो. पाने जमिनीखालील आडव्या गड्ड्यापासून थेट वर येतात.

वाण ओळखण्याच्या सहा खुणा

नवीन झाड हातात आल्यावर पुढील क्रमाने पाहावे. एका खुणेवरून निर्णय न घेता किमान तीन खुणा जुळवाव्यात.

1. पानांची मांडणी : पाने सरळ उभी आहेत, घरट्यासारखी पसरलेली आहेत की हाताच्या पंजासारखी किंवा पंख्यासारखी एका ओळीत आहेत.
2. पानाचा छेद : पान चपटे, पन्हळीसारखे खोलगट की पेन्सिलीसारखे गोल.
3. पानाची कड : हिरवी, पिवळी, पांढरी की तांबूस-तपकिरी. कडेच्या रंगाची पट्टी बारीक रेघेसारखी आहे की बोटाएवढी रुंद.
4. पट्टे : आडव्या गडद लाटा आहेत, उभ्या पांढऱ्या रेघा आहेत की पान जवळजवळ एकरंगी आहे.
5. पूर्ण वाढीची उंची : पूर्ण वाढलेल्या पानावरूनच उंची ठरवावी. लहान कुंडीतील कोवळ्या रोपावरून वाण ठरवणे धोक्याचे असते.
6. गड्डा व फुटवे : फुटवे झाडाला चिकटून येतात की गड्डा लांब पळून दूरवर फुटतो.

पानाचा रंग पाहताना झाड कुठे ठेवलेले होते याची चौकशी जरूर करावी. रुपेरी पानाचे वाण अंधाऱ्या जागेत ठेवल्यास गडद हिरवे होतात. पिवळी कड कडक उन्हात फिकट, भाजल्यासारखी दिसते. तेच झाड दोन महिने उजेडाच्या खिडकीजवळ ठेवल्यावर वेगळे वाटू शकते. शंका असल्यास झाड मध्यम उजेडात ठेवून नवीन येणाऱ्या दोन पानांवरून निर्णय घ्यावा.

प्रमुख प्रजाती व वाण

अ) ट्रायफॅसिएटा गटातील उंच वाण

• साधा हिरवा : पाने उभी, चपटी, फिकट व गडद हिरव्या आडव्या लाटांची. कड हिरवी. चांगल्या वाढीत पान 60 ते 120 सें.मी. होते. सर्वांत काटक.
• लॉरेंटी : वरीलप्रमाणेच, पण दोन्ही कडांना स्पष्ट पिवळी पट्टी. बाजारात सर्वाधिक विकला जाणारा वाण.
• फ्युचुरा सुपर्बा : लॉरेंटीसारखी पिवळी कड, मात्र पाने आखूड व रुंद, झाड बसके. अनेकदा लॉरेंटीची लहान रोपे याच नावाने विकली जातात. पूर्ण वाढलेल्या पानाची रुंदी व लांबी यांचे प्रमाण पाहावे.
• फ्युचुरा रोबस्टा : आकार सुपर्बासारखा, पिवळी कड नाही. राखाडी-हिरव्या पानावर गडद लाटा.
• ब्लॅक गोल्ड : मधला भाग गडद हिरवा, लाटा जवळजवळ दिसत नाहीत, कड सोनेरी.
• मूनशाइन : रुंद, रुपेरी-हिरवी पाने, कडेला बारीक गडद हिरवी रेघ. लाटा अंधुक.
• बँटेल्स सेन्सेशन : अरुंद पानांवर लांबीच्या दिशेने पांढऱ्या रेघा. वाढ सावकाश. अमेरिकेत 1948 मध्ये या वाणाचे पेटंट झाले.

आ) बसके, घरट्यासारखे वाण

• हॅनी : अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स येथे 1939 मध्ये उंच झाडांतून आपोआप निघालेला बुटका प्रकार. पाने साधारण 15 ते 20 सें.मी., गुलाबाच्या पाकळ्यांसारखी पसरलेली.
• गोल्डन हॅनी : त्याच आकारात रुंद पिवळ्या कडा.
• सिल्व्हर हॅनी : रुपेरी पाने, बारीक गडद कड.

इ) गोल व जाड पानांच्या प्रजाती

• सिलिंड्रिका : सध्याचे शास्त्रीय नाव ड्रॅसिना अँगोलेन्सिस. पाने गोल, टोकदार, लांब. मोठे झाल्यावर पाने पंख्यासारखी एका ओळीत येतात. तीन-चार पाने वेणीसारखी गुंफून विकतात. ती गुंफण माणसाने केलेली असते, तो वेगळा वाण नव्हे.
• बोन्सेल : सिलिंड्रिकाचा आखूड प्रकार. जाड, बोटांसारखी पाने पंजाप्रमाणे पसरतात.
• समुराई : पाने होडीसारखी खोलगट, एकावर एक दोन ओळींत रचलेली, टोक टोचणारे, कड तांबूस-तपकिरी. वाढ अतिशय मंद असल्याने किंमत जास्त.

ई) इतर

• मॅसोनियाना : मध्य आफ्रिकेतील प्रजाती. एका फुटव्याला एक किंवा दोनच, वल्ह्यासारखी अतिशय रुंद पाने. बाजारात 'व्हेल फिन' म्हणतात. एका पानाची कुंडी पाहून झाड अपुरे आहे असे समजू नये.
• झेलानिका : श्रीलंका व दक्षिण भारताकडील प्रजाती. बाजारात या नावाने मिळणारी बहुतेक झाडे प्रत्यक्षात ट्रायफॅसिएटाचेच ठिपकेदार हिरवे प्रकार असतात. खऱ्या झेलानिकाची पाने अरुंद, जाड व पन्हळीसारखी असतात. चपटे, रुंद पान असल्यास त्या नावासाठी जास्त पैसे देऊ नयेत.

फुले येणे

पुरेसा उजेड आणि गच्च भरलेली कुंडी असल्यास जुन्या झाडाला पांढरट-हिरवी, रात्री सुवासिक फुले येतात. फूल आलेल्या फुटव्याला पुढे नवीन पान येत नाही. झाड मेले असे समजून उपटू नये. त्याच गड्ड्याला बाजूने नवीन फुटवे येतात. खरेदी करताना मात्र फुले येऊन गेलेल्या एकट्या फुटव्यापेक्षा कोवळा कोंब असलेली कुंडी घ्यावी.

अभिवृद्धी : पान की गड्डा?

संग्राहकाचे व रोपवाटिकाधारकाचे सर्वाधिक नुकसान या एका निर्णयावर ठरते.

साधा हिरवा, हिरवा हॅनी, सिलिंड्रिका यांसारखे एकरंगी प्रकार पानाच्या तुकड्यापासून तंतोतंत तयार होतात. पिवळ्या किंवा पांढऱ्या कडेचे वाण तसे होत नाहीत. याचे कारण असे : लॉरेंटीच्या वाढबिंदूमध्ये हिरव्या आणि रंगहीन पेशींचे वेगवेगळे थर असतात. हे थर एकत्र राहिले तरच पानाला हिरवा मध्य व पिवळी कड मिळते. पानाचा तुकडा लावल्यावर नवा कोंब आतील थोड्या पेशींपासून नव्याने तयार होतो. त्यात थरांची मूळ रचना राहत नाही आणि रोप हिरवे निघते. गड्ड्यावरच्या डोळ्यात मात्र सगळे थर जसेच्या तसे असतात.

तासगाव भागातील द्राक्ष बागायतदारांना ही गोष्ट नवीन नाही. थॉम्प्सन सीडलेसमधील बदलातून निवडलेली तास-ए-गणेश ही जात काडी व कलमानेच टिकवावी लागते. हळद उत्पादकही जेठे गड्डे व हळकुंडे निवडून बेणे राखतात. स्नेक प्लांटमध्ये याच शिस्तीने चालावे : रंगीत कडेचा वाण गड्डा विभागूनच वाढवावा.

गड्डा विभागण्याची पद्धत

• फेब्रुवारीअखेर ते मे किंवा पावसाचा जोर ओसरल्यावर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये विभागणी करावी. कडाक्याच्या थंडीत व मुसळधार पावसात करू नये.
• विभागणीपूर्वी आठवडाभर पाणी बंद ठेवावे. कुंडी आडवी करून गठ्ठा अलगद काढावा.
• प्रत्येक भागाला किमान एक पूर्ण वाढलेला फुटवा, गड्ड्याचा तुकडा आणि थोडी मुळे राहतील असे स्वच्छ धारदार चाकूने कापावे.
• कापलेल्या जागी लाकडी कोळशाची बारीक पूड लावून दोन-तीन दिवस सावलीत सुकवावे.
• कोरड्या माध्यमात लावून पहिले पाणी चार-पाच दिवसांनी द्यावे.

पानापासून रोपे करण्याची पद्धत (फक्त एकरंगी प्रकारांसाठी)

• निरोगी पानाचे 7 ते 10 सें.मी. लांबीचे तुकडे करावेत. खालची बाजू ओळखण्यासाठी तेथे तिरका काप द्यावा. उलटा लावलेला तुकडा रुजत नाही.
• तुकडे दोन-तीन दिवस सावलीत सुकवून वाळू व कोकोपीटच्या मिश्रणात 2 ते 3 सें.मी. खोल लावावेत.
• मुळे फुटण्यास एक ते दोन महिने आणि नवा कोंब दिसण्यास त्याहून बराच अधिक काळ लागतो. त्यामुळे तुकडा हिरवा असेपर्यंत उपटून पाहू नये.

रंगीत वाणाच्या कुंडीत कधीकधी एखादा पूर्ण हिरवा फुटवा येतो. तो जोमाने वाढून बाकीच्यांना मागे टाकतो. असा फुटवा दिसताच गड्ड्यासह वेगळा करून साधा हिरवा म्हणून दुसऱ्या कुंडीत लावावा.

सातारा-सांगलीच्या हवामानात जोपासना

या दोन जिल्ह्यांत थोड्या अंतरावर हवामान पूर्ण बदलते. महाबळेश्वरला पावसाळ्यात हजारो मिलिमीटर पाऊस पडतो, तर माण, आटपाडी, जत हे तालुके कायम अवर्षणप्रवण राहिले आहेत. त्यामुळे 'आठवड्यातून एकदा पाणी' असा सरसकट सल्ला येथे चालत नाही. बोट 4-5 सें.मी. खोल घालून माध्यम पूर्ण कोरडे लागल्यावरच पाणी देणे हा नियम सर्वत्र लागू पडतो.

पश्चिम भाग (महाबळेश्वर, जावळी, पाटण, शिराळा) : जून ते सप्टेंबर कुंड्या पूर्णपणे छपराखाली ठेवाव्यात. हवेत एवढा ओलावा असतो की या काळात तीन-चार आठवडे पाणी न देताही झाड चांगले राहते. डिसेंबर-जानेवारीत महाबळेश्वरच्या वेण्णा तलाव परिसरात काही वर्षी दवबिंदू गोठतात. स्नेक प्लांटला 10 अंश सेल्सिअसखाली तापमान सोसत नाही. पानांवर पांढरट, खचलेले डाग पडून पुढे ती सडतात. या दिवसांत झाडे रात्री घरात घ्यावीत व पाणी जवळजवळ बंद करावे.

कृष्णाकाठ (वाई, सातारा, कऱ्हाड, वाळवा, पलूस, मिरज) : येथे मुख्य धोका मातीचा. नदीकाठची काळी, चिकण माती पाणी धरून ठेवते आणि कुंडीत तडे जाऊन घट्ट होते. शेतातील काळी माती थेट कुंडीत भरू नये. क्षारपड पट्ट्यातील विहिरी व कूपनलिकांच्या पाण्यात क्षार जास्त असल्यास पानांची टोके करपतात आणि कुंडीच्या कडेला पांढरा थर येतो. शक्य असल्यास पावसाचे साठवलेले पाणी वापरावे. ते नसेल तर दोन-तीन महिन्यांतून एकदा भरपूर पाणी ओतून खालच्या छिद्रातून क्षार निचरू द्यावेत.

पूर्व भाग (फलटण, माण, खटाव, खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, जत) : कोरडी हवा या झाडाला मानवते. एप्रिल-मे मधील दुपारचे ऊन मात्र पाने भाजून काढते. पत्र्याच्या छपराखाली किंवा सिमेंटच्या भिंतीलगत कुंड्या ठेवू नयेत. उघड्यावर ठेवायच्या असल्यास 50 टक्के शेडनेट वापरावी. उन्हाळ्यात साधारण आठ-दहा दिवसांनी पाण्याची गरज भासते.

माध्यम : खडबडीत वाळू किंवा चाळलेली क्रश सँड एक भाग, तांबडी माती एक भाग, कोकोपीट अर्धा भाग, विटांचे बारीक तुकडे अर्धा भाग आणि चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत मूठभर. पाटण-जावळीकडे भाताचा जळका तूस सहज मिळतो. तो कोकोपीटऐवजी चालतो. साखर कारखान्याची प्रेसमड ओलावा फार धरते. कच्ची प्रेसमड तर कुजताना उष्णताही देते. ती या झाडासाठी वापरू नये.

कुंडी : मातीची, तळाला छिद्र असलेली आणि गठ्ठ्यापेक्षा दोन-तीन सें.मी. रुंद. फार मोठ्या कुंडीत ओल टिकून मुळे सडतात. गड्डा जोर धरल्यावर प्लॅस्टिकची पातळ कुंडी फाटते. तशी फुगलेली कुंडी दिसल्यास विभागणीची वेळ झाली असे समजावे.

खत : मार्च ते सप्टेंबर दरम्यान दोन-तीन वेळा मूठभर गांडूळखत पुरेसे. युरिया देऊ नये. पाने लांबट, लवचिक होऊन कोलमडतात.

रोग व किडी

• गड्डा व मुळांची सड : जास्त पाण्यामुळे होणारी मुख्य समस्या. पानाचा बुंधा मऊ, तपकिरी व दुर्गंधीयुक्त होतो. झाड लगेच काढून सडलेला भाग निरोगी भागापर्यंत कापावा, तीन-चार दिवस सुकवून नवीन माध्यमात लावावे. जुने माध्यम दुसऱ्या कुंडीत वापरू नये. बुंधा पूर्ण गेला असेल तर पानाचे वरचे निरोगी तुकडे लावता येतात. रंगीत वाणाच्या बाबतीत मात्र झाड वाचले तरी वाण जातो.
• पिठ्या ढेकूण : पानांच्या बेचक्यात कापसासारखे पुंजके. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसून घ्यावेत. मुळांवरही असतात, म्हणून नवीन झाड कुंडीतून काढून तपासावे.
• लाल कोळी : कोरड्या उन्हाळ्यात पानांवर फिकट ठिपके व बारीक जाळी. पाने ओल्या फडक्याने दोन्ही बाजूंनी पुसावीत. प्रादुर्भाव जास्त असल्यास निंबोळी तेल 5 मि.लि. व थोडे साबणाचे पाणी प्रति लिटर पाण्यात मिसळून संध्याकाळी फवारावे.
• पानावरील करपा : गोल, खचलेले तपकिरी डाग. बाधित पान बुंध्यापासून कापून नष्ट करावे, पानांवर पाणी शिंपडणे थांबवावे.

नवीन आणलेली प्रत्येक कुंडी किमान तीन आठवडे इतर संग्रहापासून दूर ठेवावी. घरात ठेवलेल्या झाडांवर शेतातील कीटकनाशके फवारू नयेत.

खरेदी व संग्रह

संग्रह सुरू करताना उंच हिरवा, लॉरेंटी, हॅनी, मूनशाइन आणि सिलिंड्रिका ही पाच झाडे घ्यावीत. मांडणी, छेद, कड व पट्टे यांतील बहुतेक फरक या पाचांत दिसतात आणि पुढील वाण त्यांच्याशी ताडून पाहता येतात.

प्रत्येक कुंडीसाठी वहीत एक पान ठेवावे. त्यात कुंडी क्रमांक, विक्रेत्याने सांगितलेले नाव, स्वतः पाहिलेल्या सहा खुणा, खरेदीची तारीख, किंमत, गड्ड्यापासूनचे रोप की पानापासूनचे, आणि विभागणीच्या तारखा लिहाव्यात. प्लॅस्टिकच्या चिठ्ठीवरील शाई एका उन्हाळ्यात पुसली जाते. पत्र्याच्या पट्टीवर खिळ्याने क्रमांक कोरून कुंडीत खोचावा. रोपे विकणाऱ्यांनी ही नोंद ग्राहकाला दाखवावी. 'गड्डा विभागून केलेले रोप' ही खात्री देता आल्यास विश्वास टिकतो आणि किंमतही मिळते.

ऑनलाइन खरेदीत फक्त छायाचित्रावर विसंबू नये. त्याच झाडाचे बुंध्याचे व गड्ड्याचे छायाचित्र मागावे. निळी, जांभळी किंवा भडक गुलाबी पाने दाखवणारी छायाचित्रे रंगवलेली असतात. अशा रंगाचा स्नेक प्लांट नसतो. परदेशातून रोपे मागवण्यासाठी 2003 च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार आयात परवाना व निर्यातदार देशाचे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते. कागदपत्रांशिवाय टपालाने आलेली रोपे बेकायदेशीर असतात आणि त्यांतून नवी कीड-रोग येण्याचा धोका असतो.

वाणांची तुलना पाहण्यासाठी पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीत भरणारे पुष्पप्रदर्शन उपयोगी पडते. प्रजातीबद्दल शंका असल्यास पान, गड्डा व फूल असलेला नमुना कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील वनस्पतिशास्त्र विभागात दाखवावा. कीड-रोगासाठी साताऱ्यात बोरगाव व कालवडे, तर सांगलीत कांचनपूर येथील कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला घ्यावा.

गैरसमज व खबरदारी

• हवा शुद्ध होते का? 1989 मधील नासाच्या प्रयोगावरून हा दावा केला जातो. तो प्रयोग लहान बंद पेटीत झाला होता. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यानुसार, घरातील नेहमीच्या हवेच्या येण्या-जाण्याइतका परिणाम साधायला दर चौरस मीटरला 10 ते 1000 झाडे लागतील. हे झाड रात्री कर्बवायू घेते हे खरे, पण एका कुंडीचा परिणाम नगण्य असतो. रोपे विकताना असा दावा करू नये.
• नावात साप असला तरी या झाडाने साप येत नाहीत किंवा दूर राहत नाहीत. दाट कुंड्यांखाली अडगळ साठू देऊ नये.
• पानांत सॅपोनिन असते. कुत्रा, मांजर यांनी चघळल्यास लाळ, उलटी, जुलाब होतात. लहान मुले व शेळ्या-करडांच्या आवाक्यात कुंड्या ठेवू नयेत. टोचणारी टोके असलेले समुराई, सिलिंड्रिका मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवू नयेत.
• विभागणीनंतर उरलेले गड्डे ओढ्यात, बांधावर किंवा डोंगरउतारावर टाकू नयेत. अमेरिकेतील फ्लोरिडा व ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये बागेतून बाहेर पडलेल्या या वनस्पती हटवायला अवघड तण ठरल्या आहेत. साताऱ्याजवळच्या कास पठारासारख्या ठिकाणी तर एकही गड्डा जाऊ देऊ नये. नको असलेले गड्डे तुकडे करून कडक उन्हात पूर्ण वाळवावेत व नंतरच खतखड्ड्यात टाकावेत.

थोडक्यात

• नाव विक्रेत्याचे, ओळख झाडाची. किमान तीन खुणा जुळल्याशिवाय महाग वाण घेऊ नये.
• पिवळ्या-पांढऱ्या कडेचा वाण गड्डा विभागूनच वाढवावा. पानापासून फक्त एकरंगी प्रकार करावेत.
• हिरवा पडलेला फुटवा वेळीच वेगळा करावा.
• माध्यम कोरडे झाल्यावरच पाणी. पश्चिम भागात पावसाळ्यात कुंड्या छपराखाली, पूर्व भागात उन्हाळ्यात शेडनेटखाली ठेवाव्यात.
• प्रत्येक कुंडीची नोंद ठेवावी. दोन वर्षांची नीट नोंद असलेला दहा कुंड्यांचा संग्रह, चिठ्ठ्या हरवलेल्या पन्नास कुंड्यांपेक्षा मोलाचा असतो.